पुतळ्यांचे घर

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा प्रथम मला हसूच आले. सातवी पास झालेल्या बाईने इतिहास काय लिहावा! घरात विचारले तर मुलगी म्हणाली, "आई, सहलीवरून आल्यापासून तू त्या सासवण्याच्या घराबद्दलच बोलते आहेस. तेच लिही ना." तेव्हा तेच लिहावयास बसले आहे. चुकलेमाकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

गेल्या फेब्रुवारीत आपल्या मंडळाची सहल अलिबागकडे गेली होती हे बहुतेकींना ठाऊकच आहे. कल्याणहून सकाळच्या लोकलने मुंबईस, तेथून गेटवे ऑफ इंडिया आणि पुढे लाँचने मांडवा. (हल्ली भाऊच्या धक्क्यावरून मोठी रो-रो बोटही जाते, २०२० सालापासून. पण आमच्यापैकी पुष्कळजणींना गेटवे पाहावयाचे होते.) लाँच सुटण्यास अर्धा तास होता, म्हणून आम्ही तेथील शिवाजीमहाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या कट्ट्यापाशी डबे उघडले. मी सहज म्हटले, हा पुतळा आपल्या भाऊ साठ्यांनी केलेला बरं का! त्यावर दोघी-तिघींनी मान वर करून पुन्हा नीट पाहिले. डोंबिवलीत ज्यांचे शिल्पालय आहे तेच हे सदाशिव साठे. बालपण कल्याणात गेले, जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण झाले, पुढे दिल्लीत गांधीजींचा पुतळा केला तेव्हा वयाची तिशीही उलटली नव्हती. गेटवेचा हा पुतळा २६ जानेवारी १९६१ रोजी उभा राहिला. भाऊ २०२१ च्या ऑगस्टमध्ये वारले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. रोज ज्या गावच्या स्टेशनात आपण गर्दीत उभ्या राहतो, त्या गावचा माणूस इथे समुद्राकाठी घोडा उभा करून गेला, ही गोष्ट आमच्यातल्या निम्म्याजणींस त्या दिवशी कळली.

तर एका शिल्पकाराच्या घोड्यापासून निघून आम्ही दुसऱ्या शिल्पकाराच्या घरी पोहोचलो. तो दुसरा शिल्पकार म्हणजे सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर, नानासाहेब करमरकर. मांडव्यावरून रिक्षाने थोडे आत गेले की सासवणे लागते. नारळ-पोफळीच्या वाड्या, मधून अरुंद रस्ता, आणि त्या रस्त्यालगत नानासाहेबांचे राहते घर. आज त्या घरात दीडशेच्या आसपास पुतळे आहेत.

नानासाहेबांचा जन्म १८९१ सालचा. त्या वेळी हा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. घरी गणपतीच्या मूर्ती करण्याचा परिपाठ होता, त्यामुळे मातीत हात लहानपणीच गेला. चित्रेही काढीत. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी घोड्यावरचे शिवाजीमहाराज रंगविले होते. एकदा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड फिरतीवर त्या गावी आले आणि त्यांची नजर त्या भिंतीवर गेली. हे चित्र कोणी काढले म्हणून त्यांनी चौकशी केली, मुलाला बोलावून घेतले आणि त्याच्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षणाची व्यवस्था केली. या रॉथफील्डसाहेबांनी पुढे हिंदुस्थानातील स्त्रियांवर एक पुस्तक लिहिले आणि त्यातील चित्रे आपल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांकडून काढून घेतली. साहेबाला चांगला हात ओळखता येत होता, असे म्हटले पाहिजे. मला मात्र राहून राहून वाटते, की त्या देवळाच्या पुजाऱ्याने किंवा एखाद्या काकूंनी "भिंत खराब केलीस" म्हणून ती वेळेवर चुन्याने सारवून टाकली असती तर? आपण बायका भिंतीवरच्या रेघोट्या पुसण्यात किती तत्पर असतो!

जे. जे. मधून बाहेर पडल्यावर रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्या ओळखीने नानासाहेब कलकत्त्यास गेले. तेथे काम मिळू लागले. १९२० च्या सुमारास लंडनला जाऊन त्यांनी पुढचा अभ्यास केला आणि परत आले. यानंतरची गोष्ट पुण्याची.

पुण्यास शिवाजीमहाराजांचे स्मारक व्हावे ही कोल्हापूरच्या शाहूमहाराजांची इच्छा होती. भांबुर्ड्यास म्हणजे आताच्या शिवाजीनगरात १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाचा दगड बसला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात शाहूमहाराज वारले. पुतळा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अखेर १९२८ साली तो उभा राहिला, आणि तो करणारे हात होते सासवण्याच्या देवळातील भिंत रंगविणाऱ्या मुलाचे. त्या काळी आपल्याकडील मोठमोठे धातूचे पुतळे बहुधा विलायतेत ओतून बोटीने येत असत. हा साडेतेरा फुटांचा पुतळा मात्र मुंबईत माझगाव डॉकमध्ये ओतला गेला आणि आगगाडीने पुण्यास नेला गेला. आता मुंबईची गाडी पुण्यास जावयाची तर कल्याणवरूनच जाणार! म्हणजे घोडा आणि स्वार आपल्या स्टेशनातून गेले असणार. आमच्या घरातील त्या वेळची कोणी म्हातारी माणसे आज असती तर मी त्यांना विचारले असते.

ओतकाम म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय या गोष्टीतील कष्ट कळणार नाहीत. मला ते थोडेसे कळते, कारण माझे सासर गणपतीवाल्यांचे. आपण मोदकाचा साचा वापरतो ना, तसेच समजा. साच्यात जेथे खळगा असतो तेथे मोदकावर कळी उमटते, आणि साच्यात जेथे उंचवटा तेथे मोदकात खाच. शिल्पकार आधी लोखंडी सांगाड्यावर माती चढवून मूर्ती घडवितो. तिच्यावर प्लास्टरचा लेप देऊन साचा काढतो, म्हणजे उलटी मूर्ती मिळते. त्या साच्यातून पुन्हा प्लास्टरची सुलटी मूर्ती, तिच्यावरून ओतकामाचा साचा, आणि मग वितळलेले कांसे. ओतताना आत हवा अडकली की भोक राहते, ओलावा राहिला की धातू उसळतो. मोदक फुटला तर पुन्हा वळता येतो. येथे महिने वाया जातात. म्हणून कित्येक शिल्पकारांची पुष्कळशी कामे प्लास्टरमध्येच राहतात, कारण कांशाचा खर्च करणारा धनी प्रत्येक वेळी भेटत नाही. नानासाहेबांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. ते सिमेंटमध्येही पुतळे करीत. सिमेंट! ज्याने आपण मोरी बांधतो ते. सासवण्याची म्हैस पाहिल्यावर मात्र ते मोरीचे सिमेंट आठवत नाही. तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटतो. आमच्यातल्या एकीने तर ठेवलाच, आणि मग इकडेतिकडे पाहून पटकन काढून घेतला. तिच्या माहेरी डोंबिवलीला पूर्वी गोठा होता.

घरातील पुतळ्यांत मोठमोठ्या पुढाऱ्यांचे मुखवटे आणि अर्धपुतळे आहेत, शंख फुंकणारा 'शंखध्वनी'मधील तरुण आहे. परंतु मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ती गावच्या साध्या माणसांपाशी. कोळीण आहे. तिला कोणी नटविलेले नाही. मासळीची पाटी वाहून मान जशी ताठ होते तशी तिची मान आहे. नानासाहेबांच्या आधी गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' ही नऊवारीतील देवळास निघालेली तरुणी करून सर्वांना चकित केले होते. ती सुंदर खरीच, पण ती जणू कोणी पाहावे म्हणून चालते आहे. ही कोळीण कोणाकडे पाहत नाही आणि कोणी पाहावे असेही तिला वाटत नाही. हे माझे मत. जाणकार वेगळे सांगतील.

नानासाहेब १९६७ साली वारले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली होती. पुण्यातला घोडा भर उन्हापावसात उभा राहील, त्याची काळजी नको. पण या घरातील प्लास्टरचे, सिमेंटचे पुतळे? कोकणचा पावसाळा आपल्याला ठाऊक आहे. चार महिने भिंती घाम टाकतात, कपड्यांना बुरशी येते. शिवाय समुद्राची खारी हवा, वाळवी, कोळिष्टके. माणूस गेल्यावर त्याचे कपडे कोणाला तरी देता येतात, दीडशे पुतळे कोणाला देणार?

फ्रान्समध्ये रोदाँ नावाचा मोठा शिल्पकार होऊन गेला. त्याने मरणाच्या आदल्या वर्षी, १९१६ मध्ये, आपली सारी शिल्पे सरकारला देऊन टाकली आणि पॅरिसमधील ज्या वाड्यात तो भाड्याने राहत असे त्याच वाड्यात त्यांचे संग्रहालय व्हावे असे ठरवून घेतले. १९१९ साली ते उघडले. तेथे सरकार पाठीशी होते. सासवण्यास घरातील माणसे होती. नानासाहेबांच्या सूनबाईंनी कितीतरी वर्षे हे घर आणि हे पुतळे सांभाळले. येणाऱ्याजाणाऱ्यास दार उघडावयाचे, पाहुण्यांना माहिती द्यावयाची, आणि नाममात्र तिकिटाच्या पैशांत आणि पदरच्या पैशांत हा संसार चालवावयाचा. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांची भेट झाली नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे.

मी त्या घरात उभी राहून काय मोजीत होते सांगू? नाकांची संख्या. हसू नका. दिवाणखान्यातील एका गणपतीची धूळ पुसताना सोंडेच्या वळणात बोळा अडकतो आणि दहा मिनिटे जातात. दीडशे पुतळे म्हणजे दीडशे नाके, तीनशे कान, पापण्या, मिशा, पदराच्या चुण्या. ओल्या फडक्याने प्लास्टर पुसता येत नाही, कोरडे फडके जोराने मारले तर टवका उडतो. सासऱ्यांच्या गावी आपण नांदावयास येतो तेव्हा सासूसासरे, दीर, नणंदा यांचे करावे लागते हे आपल्याला आधी सांगितलेले असते. सासऱ्यांच्या दीडशे पुतळ्यांचे करावे लागेल असे कोणी सांगते का? शिल्पकारांच्या चरित्रात साहेबाचे नाव येते, महाराजांचे येते, ठाकुरांचे येते. ते योग्यच आहे. पण कलावंताचे घर पुढच्या पिढीला पाहावयास मिळते ते ज्या हातांमुळे, त्यांच्यासाठी त्या चरित्रात बहुधा एक ओळ शेवटी असते.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. मांडव्यापासून अलिबागपर्यंतच्या त्या पट्ट्यात आता श्रीमंत लोकांचे नवे बंगले झाले आहेत. रिक्षातून जाताना उंच भिंती आणि मोठी फाटके दिसतात. एखादे फाटक उघडे असले तर आत हिरवळ, काचेच्या भिंती, मध्ये पोहण्याचा निळा तलाव. कोणा आर्किटेक्टने एकेक वस्तू ठरवून ठेवलेली असावी. छान दिसते, मी नावे ठेवीत नाही. नानासाहेबांचे घर उद्या अशाच एखाद्या हुशार माणसाच्या हाती दिले तर तो प्रत्येक पुतळ्यावर स्वतंत्र दिवा सोडील, भिंती पांढऱ्याशुभ्र करील आणि निम्मे पुतळे गर्दी होते म्हणून आत ठेवील. त्याने पुतळे अधिक नीट दिसतील हेही खरे. आपल्या भाऊ साठ्यांनी डोंबिवलीस शिल्पालय उभारले ते मुळातच लोकांनी येऊन पाहावे म्हणून. तेथे मांडणी हवीच. पण राहते घर जेव्हा प्रदर्शन होते, तेव्हा काय ठेवावे आणि काय काढावे?

हा प्रश्न मला का टोचतो ते आता सांगते. पारनाक्याजवळचे आमचे जुने घर पाडून तेथे इमारत होणार आहे हे शेजारणींना ठाऊक आहेच. वरच्या माळ्यावर आजेसासऱ्यांपासूनचे गणपतीचे साचे आहेत. प्लास्टरचे, दोन-दोन तीन-तीन तुकड्यांचे, सुतळीने बांधलेले. मामंजी गेल्यावर कारखाना बंद झाला. यजमान नोकरीत, दीर परगावी. गेली अठरा वर्षे दर मे महिन्यात ते साचे खाली काढून, उन्हात ठेवून, पुन्हा बांधून वर चढविणे एवढेच मी करते. मूर्ती मला करता येत नाही.

माझा भाचा इंटिरिअरचे काम करतो. मोठा गुणी मुलगा आहे. त्याने नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी करावयाच्या सजावटीचे चित्र काढून आणले. एका बाजूला काचेचे लांब कपाट, आत दिवे, आणि त्यात आमचे साचे ओळीने मांडलेले. साच्यांना सोनेरी रंग. वर 'वारसा' असे लिहिलेले. बिल्डरलाही ते पसंत पडले. घरातील सर्व मंडळी खूष झाली. मीही प्रथम झाले. फेकून देण्यापेक्षा हे किती चांगले! रात्री मात्र झोप येईना. साच्याचे काम त्याच्या आतल्या बाजूला असते. बाहेरून तो नुसता ओबडधोबड गोळा. सोनेरी रंग बाहेरून द्यावयाचा तर आतली सोंड कोणाला दिसणार? आणि आतून दिला तर साचा मेला, त्यातून पुन्हा माती निघावयाची नाही.

सासवण्याहून परत येताना लाँचमध्ये मी हेच मनात घोळवीत होते. त्या घरात मला बरे वाटले ते का? तेथे पुतळे माणसांच्या खोल्यांतून आणि अंगणातून आहेत. म्हैस जेथे असावी तेथे, बाहेर आहे. एखादा पुतळा दाराआड उभा आहे, आपण वळलो की एकदम समोर येतो, जशी घरातली माणसे येतात. शोभा करण्यासाठी कोणाला रांगेत उभे केल्यासारखे वाटत नाही. गर्दी आहे, हे खरे. एकत्र कुटुंबात असतेच.

घरी आल्यावर मी भाच्याला बोलावून पोहे खाऊ घातले आणि सांगितले, कपाट कर, दिवेही लाव, पण रंग नको. साचे उघडून, आतली बाजू समोर करून ठेव. एका साच्यातून शाडूची मूर्ती काढून ती त्याच्या शेजारी ठेव, म्हणजे मुलांना उलट्याचे सुलटे कसे होते ते कळेल. आणि मामंजींचा पाट, मातीने माखलेला, धुऊ नकोस, तसाच खाली ठेव. तो म्हणाला, "मामी, लॉबीत मळका पाट कसा दिसेल?" मी म्हटले, "मळका दिसेल." तो हसला. वहीत लिहून मात्र घेतले. दुसरे असे सांगितले, की कपाटाला कुलूप असावे पण किल्ली घरातल्या कोणाकडे तरी असावी, आणि एक तरी साचा कपाटात न ठेवता वापरात राहावा. मूर्ती काढणार कोण, असे त्याने विचारले. त्यावर मी गप्प बसले. माझ्या मुलीने मधेच तोंड घातले, "आजोबांच्या वेळचे कामगारकाका कुंभारवाड्यात आहेत ना अजून? त्यांना विचारू." तिला हे आठवत असेल असे मला वाटले नव्हते. मामंजी वारले तेव्हा ती पाळण्यात होती, ऐकून ऐकूनच ठाऊक असणार.

ते काका आता पंच्याहत्तरीचे आहेत. गेल्या रविवारी आम्ही दोघी त्यांच्याकडे जाऊन आलो. हात थरथरतो, पण डोळे चांगले आहेत. सोबत नेलेला लहान साचा त्यांनी मांडीवर घेतला, सुतळी सोडली, आतून अंगठा फिरविला आणि म्हणाले, "डाव्या कानाशी टवका गेलाय. उन्हात फार ठेवलात वहिनी." अठरा वर्षे मी ज्याला सांभाळणे समजत होते ते असे निघाले. सावलीत, वाऱ्यावर वाळवावयाचे असते म्हणे.

इमारतीचे काम दिवाळीनंतर सुरू व्हावयाचे आहे. साचे सध्या आमच्या भाड्याच्या जागेत, पलंगाखाली, जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवले आहेत. काका श्रावणात येऊन मुलीला माती मळावयास शिकविणार आहेत.